पत्ते वगळून

ता. ४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मिळाली गं, मिळाली! तीन महिने खेटे घातले आणि काल लिफ्ट-तपासणीच्या ऑफिसातून तक्रारींची नोंदवही हातात पडली. एकेचाळीस तक्रारी, तपासणी एकाही ठिकाणी नाही आणि दाखला मात्र सगळ्यांना ‘उत्तम’! रविवारी पेपरात अख्खं पान माझं. तक्रारदारांची नावं, घरनंबर, मजकूर, सगळं जसंच्या तसं छापणार. सरकारी कागदच तो, कुणीही बघू शकतं. तू जन्म रेकॉर्ड रूममध्ये काढलास, म्हणून झेरॉक्स आधी तुला. शाबासकी लगेच पाठव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
बडबडी

ता. ६ मार्च

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

शाबासकी घे, आणि एक टप्पलही. सतरावी तक्रार पुन्हा वाच. ‘पाचव्या मजल्यावर एकटी राहते, गुडघे गेलेत, दार उघडंच ठेवते.’ खाली घरनंबर! बाईंनी हे साहेबांना लिहिलंय, साऱ्या गावाला नाही. आमच्याकडे वही बघायला महिन्यातून एखादा यायचा, तोही सही करून. तुझं पान लाखभर घरांत जाणार. एकेकाला विचारून ये. जिने चढावे लागतील, चढ. सर्दी गेली का?

तुझी काळजी न सुटणारी,
मावशी

ता. १६ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मनातल्या मनात तुझ्या नावाने खडे फोडले, पान आठवडाभर पुढे ढकललं आणि जिने चढले. चौतीस जण म्हणाले, खुशाल नाव छापा. एक निवृत्त मास्तर तर फोटोसाठी कोट चढवून बसले! पण मावशी, ऐक. एका इमारतीत लिफ्टच नाही! नुसता खड्डा, वर फळ्या ठोकलेल्या. वहीत फक्त ‘बंद’ एवढंच होतं. आणि दाखला? ‘उत्तम चालते’! टेबलापाशी बसून राहिले असते तर कळलंच नसतं.

काल पान आलं, आज तपासनीस निलंबित! छापायच्या आधी संपादकांना पानात त्याच्या घराचा पत्ताही हवा होता. तोही सरकारी यादीत होताच. मी म्हटलं, सह्या त्याने ऑफिसात केल्या, घरी त्याची म्हातारी आई असते. नाव, हुद्दा, सही छापू, पत्ता नको. ते भडकले, मग स्वतःच ती ओळ खोडली.

पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी नाव नको म्हटलं होतं. आज त्यांना अंक नेऊन दिला. त्यांनी बोट फिरवत सगळं पान वाचलं, आपण कुठेच नाही याची खात्री केली, आणि मग मला असं घट्ट धरलं की अजून खांदा दुखतोय.

अशीच टपला मारत राहा.

तुझीच,
बडबडी