काचेवर चिकटवलेलं बटण

पोरी,

तू येशील तेव्हा डाळ कच्चीच असेल. तुझ्या नव्या इंडक्शनवर मी शर्टाचं बटण चिकटवलंय, ते बघून चिडू नकोस. ती काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत, चालू कुठे नि बंद कुठे हाताला लागतच नाही. जन्म गेला कपडे शिवण्यात, म्हटलं एक बटण लावून खूण करू. पण बटणावरून दाबलेलं तिला कळत नाही. अर्धा तास चाचपडलो. नुसती टुकटुक वाजत राहिली, तापली काही नाही.

वर्षभर तुझ्यापासून लपवलं. गॅसचा नॉब बोटांना सापडायचा, आच कानाला कळायची, म्हणून तुला शंका आली नाही. दुकानातही सुईत दोरा शेजारचा कारागीर ओवून देतो.

आता मालकाला सांगायला चाललोय, उद्यापासून येत नाही म्हणून. कुणाचं चांगलं कापड माझ्या हातून वाया जायला नको. रस्ता पायाखालचा आहे, शोधायला येऊ नकोस.

अक्षरं एकमेकांवर चढली असतील, लावून वाच.

शेगडी परत करू नकोस, तिचा काय दोष? गॅस होता तोवर मलासुद्धा वाटायचं, मला अजून दिसतंय.

बाबा