आत्याचं रक्त चालणार नाही

२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पायातली गुठळी विरघळली, हे वाचून जीव भांड्यात पडला. तरी शिवणयंत्रावर एवढ्यात बसू नकोस.

इकडे अखेर जमलं! आम्ही जोडून तयार केलेलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला बरोबर जाऊन चिकटतं. दहा रचना पाण्यात गेल्या, ही अकरावी. आता त्याने गुठळी धरायची थांबते का, ते परीक्षानळीत, माणसाच्या रक्तात बघायचं. रक्त आम्ही एकमेकांचंच काढतो. तुझं मात्र चालणार नाही हं! रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांचं रक्त आमच्या काही कामाचं नाही.

लोभ आहेच, त्यात भरच पडू दे.

तुझी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कामाचं नाही म्हणे! तुझा पहिला फ्रॉक शिवला मी, आणि रक्त परक्यांचं? परवापासून गोळ्या बंद केल्यात. आठवड्याभरात रक्त अगदी कोरं होईल, मग येतेच. तुझ्या बापाला यातलं काही कळवू नकोस, उगीच घर डोक्यावर घेईल.

तुझ्या आतोबांना गुठळीने नेलं, तेव्हा मी नुसती बघत राहिले. आता तरी मला हातभार लावू दे. पाय जरा जड वाटतो, पण त्याचं काय एवढं!

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल फोनवर तुला नको नको ते बोलले. तू नको म्हणालीस तरी बाबांना मीच कळवलं. त्यांनी तुला तशीच उचलून दवाखान्यात नेलं, नवी गुठळी नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा कुठे मी प्रयोगशाळेत परत गेले. गोळ्या पुन्हा सुरू केल्यात, त्या आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

अकराव्या पेप्टाइडने नळीत गुठळी धरू दिली नाही. रक्त माझंच होतं. पण नळीतून माणसापर्यंत पोचायला बरीच वर्षं जातील. ते पोचेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. फक्त त्या दिवशी तू हवीस. तुझं रक्त नको गं, तू हवीस.

रागावली असलीस तरी लोभ आवरू नकोस.

तुझी,
भिंगरी

२१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावते कशाला? गोळी गिळेपर्यंत तुझा बाप समोरून हलत नाही, वर तोंड उघडून दाखवायला लावतो. लहानपणी मी त्याला औषध पाजायचे, त्याचा सूड उगवतोय मेला!

तू घाई करून काम बिघडवू नकोस. लागतील तेवढी वर्षं लागू देत. मला कुठेही जायचं नाहीये.

जेवत जा, आणि आठवण ठेव.

तुझी,
आत्या