पऱ्हाटीचं स्टूल

८ मार्च १९९४

आजपासून सूड. शांतपणे, सभ्यपणे, पण पूर्ण.

कारण लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर माझा स्वभाव असा, की आठवड्यात सगळं विसरून मी तिला लोणचं नेऊन देईन.

कारण: वनमाला. आमच्या पर्यावरणपूरक वस्तुरचना केंद्रात तिला मी आणलं. कापूस वेचून झाला की शेतकरी पऱ्हाट्या जाळतात. त्या कुटून, चिंचोक्याच्या खळीत कालवून, साच्यात दाबून स्टूल करावं, ही कल्पना माझी. आज मीटिंगमध्ये तिने तसंच स्वतःचं स्टूल आणून माझ्या स्टुलाशेजारी ठेवलं. माझ्यापेक्षा सुबक. हे फक्त इथे लिहिते आहे.

डायरेक्टर नरसिंगराव म्हणाले, दोन झाली तर दोन. परीक्षा नेहमीचीच. उन्हाळाभर माणसाला पेलायचं आणि पावसाळ्यात मागच्या खड्ड्यात पुरल्यावर मातीत मिसळायचं. ज्याचं स्टूल पास, ते दिल्लीच्या प्रदर्शनाला, आणि करणारी डिझाइन सेक्शनची हेड.

खड्ड्याचं पुढे बघू. आधी तिचं स्टूल मोडलं पाहिजे. सर्वांदेखत.

११ मार्च

वनमालाशी अबोला. सकाळी दहापासून.

साडेदहाला तिने विचारलं, "ताई, चहा घेणार?" मी उत्तर दिलं नाही. तिने ठेवला. गार होऊन वाया गेला असता म्हणून घेतला. आलं छान होतं. हे तिला सांगावं लागलं.

अबोला सोमवारपासून.

१९ मार्च

सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर म्हणायच्या, शत्रूवर प्रेम करा. किती गोड बाई होत्या. पण त्यांच्यासमोर कधी कुणी आपलं स्टूल आणून ठेवलं नव्हतं.

पहिला वार आज. आमचा शिपाई महिपत, राहणार बाजारहत्नूर, देह पैलवानाचा. त्याला म्हटलं, हॉलमधले सगळे बल्ब पूस, आणि चढायला वनमालाबाईंचं स्टूल घे. चढला. स्टूल गप्प. म्हटलं, जरा उडी मारून बघ. त्याने दोन मारल्या. वर म्हणतो, "बाई, हे तं हालूनच नाई राह्यलं. आता तुमचं आनू काय?"

मी म्हटलं, बल्ब संपले.

२ एप्रिल

महिपत आज स्टोअरमध्ये ओरडत होता. जुन्या फायली वाळवीने खाल्ल्या. सगळे हळहळले. मला मात्र एकदम प्रकाश दिसला.

वाळवी! बाहेरून वस्तू जशीच्या तशी, आतून पोकळ. जूनमध्ये हैदराबादहून कमिटी मुआयन्याला, म्हणजे तपासणीला येते. कमिटीचे भगवंतराव गेल्या वर्षी दारातून अंग तिरकं करून आत आले होते. ते बसणार. स्टूल बसणार. वनमाला बसणार.

किती दिवसांनी इतकी शांत झोप लागेल आज.

५ एप्रिल

दुपारी जेवून सगळे पेंगत होते. वनमालाचं स्टूल मागे बांबूच्या शेडपलीकडे वारुळाला टेकवून ठेवलं. वर ओलं पोतं. खळीचा वास वाळवीला आवडतो म्हणे.

महिपतने पाहिलंच. "काऊन वो बाई, स्टूल तिकडं काऊन ठिवलं?"

मी म्हटलं, सीझनिंग.

"वनमालाबाईले सांगू?"

म्हटलं, सरप्राइज आहे. त्याला फार कौतुक वाटलं. म्हणाला, दुसऱ्याच्या वस्तूसाठी एवढं कोनी करत नाई. खरं आहे.

१६ एप्रिल

स्टूल जागेवर आणून ठेवलं. कानाला लावलं. आत बारीक कुरकुर. जन्मात इतकं गोड संगीत ऐकलं नाही, आणि मी पियानो ऐकलेला आहे.

एकच चूक झाली. शेजारी माझं स्टूल. वाळवीला काय माहीत कोण ताई आणि कोण वनमाला?

१८ एप्रिल

उपाय सापडला. बिब्याचं तेल. बाजारात जंगलातले बिबे ढिगाने मिळतात. ज्याला ते लावलं त्याला वाळवी तोंड लावत नाही, पाणी शिवत नाही, आणि निसर्गाचंच असल्यामुळे केंद्राच्या तत्त्वात बसतं. माझ्या स्टुलाला दोन हात दिले. स्टूल आरशासारखं. बुद्धी म्हणजे बुद्धी.

२३ एप्रिल

हातांवर बिबा उतला. फोड. पेन धरवत नव्हतं म्हणून चार दिवस नोंद नाही. डोळेही सुजले.

वनमाला रोज संध्याकाळी घरी येते. बिब्यावर उतारा म्हणून खोबरं, चावून नाही, पाट्यावर वाटून आणते आणि हळूहळू हातांना लावते. काल भात कालवून भरवलासुद्धा. म्हणाली, "ताई, बिबा कशाला हाताळलात?" म्हटलं, घरगुती औषधासाठी. आईची आठवण झाली. ती असंच फुंकर घालून लावायची.

हे सगळं हिशेबात धरायचं नाही. सूड आहे तसाच. फक्त हात बरे होईपर्यंत स्थगित.

७ जून

मुआयना.

भगवंतराव आले. आणखी वाढलेत. मी स्वतः पुढे होऊन वनमालाचं स्टूल त्यांच्यामागे सरकवलं. "बसा ना सर."

ते म्हणाले, नको. गुडघे गेलेत. एकदा बसलो की उठवायला दोघं लागतात.

अडीच तास उभे. उभ्याने नाश्ता, उभ्याने चहा. मी पाच वेळा आग्रह केला. जाताना नरसिंगरावांना म्हणाले, तुमच्या या बाई किती आतिथ्यशील!

स्टूल वजन पेलतं याला पुरावा काय, असं कमिटीने विचारलं. वनमाला काही बोलायच्या आत महिपत पुढे. "मी उड्या मारून पाह्यलं ना साहेब. या बाईनंच लावलं होतं मारायला." तिचं स्टूल पास. माझं नुसतं बघूनच पास. एवढं चकाकतं ते कसं मोडेल, म्हणाले.

९ जून

आभाळ भरलं आहे. दोन्ही स्टुलं खड्ड्यात पुरली. वनमालाने नमस्कार केला. मीही केला, मनात वेगळं म्हणून.

तिचं आता कुजणार. आतून पोखरलेलं, ते काय राहतंय! नावालासुद्धा उरणार नाही.

(काहीतरी चुकतं आहे असं वाटतं. सापडत नाही. झोपते.)

१० जून

पहाटे सापडलं.

१९ सप्टेंबर

खड्डा उघडला.

वनमालाच्या स्टुलाच्या जागी काळीभोर माती. नरसिंगरावांनी मूठभर उचलली, वास घेतला, अत्तर असावं तसा. म्हणाले, एका पावसाळ्यात? असं इथे कधीच झालं नाही.

माझं स्टूल महिपतने खांद्यावरून वर आणलं. माती झटकली. "बाई, हे तं लग्नात आंदन द्यावं असं निंघालं."

नापास.

२० सप्टेंबर

मीटिंग. इतक्या लवकर माती कशी झाली, असं सगळे वनमालाला विचारत होते. ती म्हणाली, "मला नाही माहीत. ताईंनी शिकवली तशीच खळ केली होती." टाळ्या. तिला.

हे सहन झालं नाही. जे मी केलं त्याचं श्रेय पुन्हा तिलाच? मी उभी राहिले. सरळ सांगितलं, त्या स्टुलात वाळवी मी सोडली. पाडायला.

वाटलं होतं, शांतता पसरेल, तिचा निकाल रद्द होईल. पण 'वाळवी'नंतर इतका गलबला झाला की 'पाडायला' कुणी ऐकलंच नाही. नरसिंगराव टेबलावर हात आपटून म्हणाले, "म्हणजे खळ तिची, वाळवी तुमची! अहो, हे आधी नाही का बोलायचं?"

वनमालाने सगळ्यांसमोर मिठी मारली. "ताई, माझ्यासाठी?" तिचे डोळे भरले होते. माझेही. बिब्याचा परिणाम अजून गेलेला नाही.

१४ ऑक्टोबर

वनमाला दिल्लीहून आली. हेड झाली. पेढे वाटले. मी घेतला नाही. नंतर घेतला; डबा तसाच परत पाठवणं बरं दिसत नाही.

दुपारी महिपत माझ्यासाठी ऑर्डर घेऊन आला. नवीन सेक्शनचं प्रमुखपद. मनात म्हटलं, उशिरा का होईना, कळलं यांना.

उघडली. वाळवी सेक्शन. रोज सकाळी शेतांतून वारुळाची माती आणणे, खड्ड्यात सोडणे, वाळवी खाते की नाही ते पाहणे. हाताखाली माणूस नाही. टोपली ऑफिस देईल.

खाली इंग्रजीत सही. हेड म्हणून वनमालाची पहिली. 'व्ही'ला काय सुरेख वळण! कॉन्व्हेंटचं. ती नवी होती तेव्हा दुपारी शेजारी बसवून, हातात हात धरून मीच गिरवून घेतलं होतं.

मिळाल्याची सही केली. माझा हात अजून तिच्यापेक्षा चांगला आहे.