ओढ्याकडचं खिंडार

रानशेत, १० मे १९६०

ती. जमनाताईस लाहूचा सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल. घरामागची वीसही चिकूची कलमं जगली. परवा चहूबाजूंनी काटेरी तार ओढली. बाबा दरवर्षी डोंगराकडे आणि ओढ्याकडे कुंपणात खिंडार ठेवायचे. मला वाटायचं, काट्या कमी पडतात. मी दोन्ही बुजवली, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. बैलांशी मात्र भरपूर बोलतात. तू त्यांना समजाव.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा लाहू

तलासरी, १८ मे १९६०

चि. लाहूस अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या दाजींचं, राग माझा. समजवायची गरज तुलाच आहे. त्या खिंडारात बाबांनी मला लहानपणी खुरांचे ठसे दाखवले होते. डोंगरातली भेकरं उन्हाळ्यात तिथूनच ओढ्याच्या डोहावर पाण्याला उतरतात. आपलं घर नंतर आलं. वाटेच्या दोन्ही अंगांना बाबा काट्या रोवत, म्हणून भाजीही वाचायची.

कासा स्टँडवर उतरून डोंगरावरून मीही त्याच खिंडारातून माहेरी येते. आता काय तारेवरून उडी मारू? लुगडं फाटलं तर नवं घेशील?

इकडे राज्याची हद्द पडली. माझी नणंद चंद्रा उंबरगावची, म्हणजे आता गुजरातेत. भावाकडे यायला चिठ्ठी लागते का, असं तिने विचारलं. मी कळवलं, भूक लागली की ये. आली, आंबे घेऊन.

तार काढ. बाबांना जप, माझ्यावर माया ठेव.

तुझी ताई

रानशेत, ४ जून १९६०

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचूनही मी हट्टाने तार ठेवली. मागच्या आठवड्यात सकाळी भेकराचं पाडस तारेत अडकलं. त्याची आई डोंगराकडे उभी राहून भुंकत होती. बाबांनी पाडसाच्या डोळ्यांवर पटका टाकला आणि उघड्या हातांनी तार ताणून धरली. मी पकड आणून ती तोडली. पाडस लंगडत गेलं. बाबांच्या तळव्यांत हळद भरताना मला फार लाज वाटली. माफी मागितली, तर ते उठून बैलांकडे गेले.

मग मी दोन्ही खिंडारं मोकळी केली. पाच कलमं वाटेत येत होती, ती उपटून दुसरीकडे लावली. तीन मेली. चार दिवस त्या वाटेने काहीच आलं नाही.

आज सकाळी बाबांनी मला हाक मारली. मातीत खुरं उमटली होती, मोठी आणि लहान. लहानातलं एक जरा अर्धवट. बाबांनी वाकून त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, जमनीला लिही, वाट मोकळी झाली.

तेवढ्यासाठीच हे पत्र. दाजींना नमस्कार, आणि लोभ घेऊन तूच ये.

तुझा लाहू