राग तोंडात धरण्याचा नियम

२ जून, सोमवार
आजपासून राग बंद. पॉलिशवाल्याने सांगितलंय, मालकांचा स्वभाव सुधारला नाही तर महिनाअखेर दुसरीकडे चाललो. त्याची उभी हयात माझ्या फर्निचरच्या कारखान्यात गेली आणि आता शिंगं फुटली. पण तो गेला तर गिऱ्हाईक जाईल. थोरली मुलगी हिशेब बघते, ती म्हणाली, बाबा, चूक तुमची आहे. तिच्यावर ओरडलो. पण शांतपणे.

तिने मोबाइलवर चांगला लीडर कसा व्हावा याचा व्हिडिओ लावून दिला. कोटातला पोरगा, अजून मिसरूड नाही, आणि मला म्हणतो स्वतःला ओळखा. दोनदा बघितला. पहिल्यांदा झोप लागली होती.

३ जून
पोरगा म्हणतो, राग आला की पाणी प्या. मी सुधारणा केली: घोट लगेच गिळायचा नाही, राग उतरेपर्यंत तोंडात धरायचा. सुताराने ड्रॉवरची मूठ उलटी बसवली. घोट. त्याने विचारलं, मालक, दाढ दुखते का? लवंगही आणून दिली. त्याचा वेगळा राग आला, पण तोंडात जागा नव्हती. दुपारपर्यंत तांब्या रिकामा, पुढचा वेळ संडासात. बाहेर सगळे हसत होते. कामाच्या वेळी कसलं हसू?

५ जून
फीडबॅक घेतला. सगळ्यांना उभं करून म्हटलं, माझे दोष बिनधास्त सांगा. कुणी बोलेना. दोष नाहीत असं जाहीर करणार, तेवढ्यात पॉलिशवाला म्हणाला, मालक, तुम्ही विचारताय की दम देताय? वर म्हणे तुम्ही मागे उभे राहिलात की हात चुकतो. थोरली म्हणाली, माझासुद्धा. पोटची पोर. सगळं ऐकून घेतलं. तोंडात घोट होता.

९ जून
प्रगती. काल दिवसभर कुणावर ओरडलो नाही. रविवार होता, कारखाना बंद होता, पण सुरुवात कुठून तरी करावीच लागते.

१२ जून
घात झाला. डॉक्टरीणबाईंच्या ऑर्डरचं जेवणाचं टेबल, पॉलिशचा शेवटचा हात नुकताच मारलेला, अजून ओला. सुताराने कडेला हातोडी टेकवली. मी घोट घेतला. पॉलिशवाला म्हणाला, बोला मालक, नाहीतर फुटाल. सगळे हसले. मी बोललो. शब्दांआधी पाणी आलं. ओल्या पॉलिशवर पाणी म्हणजे पांढरेफटक डाग, सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. टेबल माझ्यासमोर ठेवायचंच कशाला? विचारलं तसं. पॉलिशवाल्याने फडकं खाली ठेवलं, हात पुसले आणि गेला. एक शब्द नाही. त्याला तर घोटही लागला नाही.

१४ जून
जिंकलो. पॉलिशवाला राहतोय. थोरली त्याच्या घरी जाऊन आली. अट किरकोळ आहे: कारखाना ती बघणार आणि मी तिकडे फिरकायचं नाही. चावी काढून घेतली, म्हणजे मीच दिली. माणूस टिकवणं महत्त्वाचं. तो टिकला.

१६ जून
घरी पहिला दिवस. या घराला शिस्त नाही हे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. सकाळपासून हिला समजावलं, डबे कसे लावायचे, नळ कसा बंद करायचा, दार कसं लोटायचं. संध्याकाळी हिने पिशवी भरली, बहिणीकडे जाते म्हणाली. परत कधी येणार विचारलं. म्हणाली, तुम्हाला कारखान्यात परत घेतलं की कळवा.

आत्ता दूध उतू गेलं. घरात एक जबाबदार माणूस नाही.