तळघरातलं तेरावं पिंप

२ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधनाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी. (याआधीचे तीन पहिले दिवस धरायचे नाहीत.)

प्रश्न साधा आहे. माणूस अर्धं अन्न उकिरड्यावर फेकतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी भांडतो. आमच्या प्लॉवडिव शहराच्या भाजीबाजारात दर शनिवारी कोबीची बाहेरची पानं, बिटाचा पाला, गाजराची टोकं ढिगानं कुजतात. त्याच ढिगातल्या बुरशीतून मी एक एन्झाइम वेगळं केलं आहे. ते हा कचरा फोडून त्याचं पौष्टिक पशुखाद्य करील. तेही थंडीत! बाकीच्या जगाला यासाठी पन्नास अंशांची ऊब लागते, मला दहा अंश पुरतात. म्हणून प्रयोग इन्स्टिट्यूटमध्ये नाही, आमच्या बिल्डिंगच्या तळघरात.

डायरेक्टर हारिझानोव यांनी मुदत दिली आहे: १२ डिसेंबर. तोवर निकाल दिसला नाही, तर माझी चार नंबरची खोली दही विभागाला. एकोणीस वर्षं काढली त्या खोलीत. दहीवाले काल टेप घेऊन भिंती मोजून गेले.

३ नोव्हेंबर
दोनशे लिटरचं निळं पिंप, खाली तोटी. कचरा भरला, पाणी भरलं, एन्झाइम ओतलं. तळघरात आधीच बारा पिंपं आहेत, हुबेहूब अशीच. शेजाऱ्यांच्या हिवाळ्याच्या आंबट कोबीची. बारा घरं, बारा पिंपं, शंभर वर्षांपूर्वीचं डोकं. माझ्या पिंपावर लेबल लावलं: ‘वैज्ञानिक प्रयोग. डॉ. रांगेल कुत्सारोव. हात लावू नये.’ लेबल भिंतीकडे गेलं. पिंप आता हलत नाही. राहू दे.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्सानाकाकू खाली आल्या. म्हणाल्या, "सव्वीस वर्षं झाली तुझ्या लग्नाला, तेव्हा कुठे या घरानं पिंप घातलं! दुकानातला कोबी खाताना लाज वाटायची रे मला, तुमच्या वतीनं." मी त्यांना एन्झाइम म्हणजे काय ते वीस मिनिटं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "मीठ किती घातलंस?"

५ नोव्हेंबर
निश्चय. रोज सकाळी सहाला तापमान. रोज नमुना. दर शुक्रवारी एन्झाइमची चाचणी. अपवाद नाही.

६ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
सहाला तळघरात फार गारठा असतो. एन्झाइमला तो मानवतो. मला बघायला जायची तशी गरज नाही.

९ नोव्हेंबर
घाण वास. अपेक्षितच. पायरीवर काकू भेटल्या. "पाणी पालटतोस ना रे? खालच्या तोटीतून काढायचं नि वरून ओतायचं. दोन दिवसांतून एकदा तरी. सडतंय तुझं. माझ्या कोबीला वास लागेल." मी म्हणालो, एन्झाइमला विश्रांती लागते. "विश्रांती कुणाला लागते ते सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे," म्हणाल्या आणि बादली घेऊन खाली गेल्या. स्वतःचं पिंप पालटायला. दोन बादल्या कशाला, कोण जाणे.

१० नोव्हेंबर
शुक्रवारची चाचणी राहिली. यंत्राची किल्ली नेदेल्चेवाबाईंकडे असते. त्या दही विभागाच्या. मी त्यांच्या दारात उभा राहणार नाही.

१६ नोव्हेंबर
विजय! वास गेला! जागी एक आंबूस, ताजा, जवळजवळ प्रसन्न गंध. आम्लता झपाट्यानं वाढते आहे. पानं कडक आहेत, बुरशीचा ठिपका नाही. आणि हे तेरा दिवसांत, मी बोटही न लावता! रायनाला उठवून सांगितलं. बायको म्हणाली, "तू बोट लावलं नाहीस म्हणूनच असेल." हिला विज्ञानाची उपजत जाण आहे.

झाकणाखाली नदीतला मोठा सपाट दगड ठेवलेला दिसला. पानं वर येऊ नयेत म्हणून बिल्डिंगच्या वॉचमननं ठेवला असावा. आभार मानायचे. (मानले. त्याला काही कळलं नाही. विनयी माणूस.)

२१ नोव्हेंबर
भाषणाची सुरुवात लिहिली. "सभ्य स्त्रीपुरुषहो, भूक ही निसर्गाची चूक नाही, ती माणसाचा आळस आहे!" पुढचं सुचेना. जेवलो. झोपलो.

२३ नोव्हेंबर
तळाशी मक्याचे दाणे. मी मका घातला नव्हता. बाजारातल्या लोकांना कचरासुद्धा नीट वेगळा करता येत नाही. हॉर्सरॅडिशचं तिखट मूळही सापडलं. त्याच कचऱ्यातलं.

२९ नोव्हेंबर
धाडस केलं. बोट बुडवून चाखलं. खारट! भाजीतली खनिजं मोकळी झाली! आजवर कुणी हे नोंदवलेलं नाही. मला तर अजून घोटभर प्यावंसं वाटलं. प्यालो.

मोठा निर्णय. पशुखाद्य रद्द. हे अन्न माणसांच्या ताटात जाणार. गाईंनी दुसरं काहीतरी बघावं.

चाचणी अजून राहिली आहे. पण डोळ्यांना दिसतं ते यंत्रानं कशाला सांगायचं?

७ डिसेंबर
काल चौथ्या मजल्यावरच्या निकोलाचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा सण. कार्प मासा, रकियाची दारू, गाणी. आज पिंपातला द्रव सात लिटर कमी. बाष्पीभवन. दहा अंशांना एवढं बाष्पीभवन हे स्वतंत्र पेपरचं काम आहे. निकोला जिन्यात भेटला. डोळे लाल, हातात रिकामा जग. म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या पाण्यानं डोकं जाग्यावर आलं. देव तुमचं भलं करो." लोकांपर्यंत माझी कीर्ती कशी पोचते, कळत नाही.

९ डिसेंबर
पातळी पूर्ववत! द्रव आपोआप भरून येतो. दुसरा पेपर.

११ डिसेंबर
भाषण पूर्ण. चौदा मिनिटं. आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी माझेच डोळे भरून आले. रायना म्हणाली, "चाचणीचे आकडे कुठे आहेत?" बायकांना आकडे हवे असतात. इतिहासाला माणसं लागतात. मोठी माणसं तळघरातूनच वर आली आहेत. (नावं आत्ता आठवत नाहीत.)

१२ डिसेंबर, दुपारी
समिती आली: हारिझानोव, नेदेल्चेवाबाई आणि मंत्रालयाचे एक गृहस्थ. मी भाषण केलं. नवव्या मिनिटाला मंत्रालयवाले खुर्ची आहे का विचारू लागले. नव्हती.

मग मी बशीत नमुने दिले. हारिझानोवांनी एक पान तोंडात टाकलं, डोळे मिटले. दुसरं पान. तिसरं. बशी संपली. म्हणाले, "कुत्सारोव, असा कोबी आईच्या हातचा खाल्ला होता, त्यानंतर आजच." माझं हृदय भरून आलं. चार नंबरची खोली डोळ्यांसमोर उजळली.

तेवढ्यात त्सानाकाकू दोन बादल्या घेऊन उतरल्या. "सरका, सरका, पालटायचं राहिलंय." आणि सरळ माझ्या तोटीला बादली लावली! मी ओरडलो, "काकू! हा प्रयोग आहे!" त्या म्हणाल्या, "ओरडू नकोस, पाहुणे आहेत. पाच आठवडे पालटतेय मी हा तुझा प्रयोग. कुजायला लागलं होतं रे! अर्धं उपसून फेकलं, सहा कोबी माझ्या पदरचे घातले, मीठ घातलं, मका घातला. निकोलानं पाणी पळवलं, तर वरून नवं घातलं. तुझी बायको नोकरी करते, तू विचार करतोस. पिंपाकडे कुणी बघायचं?"

मग हारिझानोव बोलले. माझ्याशी नाही. "बाई, मीठ किती घालता?"

अर्धा तास झाला. मंत्रालयवाले उलट्या बादलीवर बसून सगळं लिहून घेत होते. माझ्या भाषणातलं एक वाक्यही कुणी लिहिलं नव्हतं. नेदेल्चेवाबाईंनी मात्र बाटलीत नमुना घेतला. म्हणाल्या, "चाचणी मी करते, किल्ली माझ्याकडेच आहे." चांगल्या स्वभावाच्या वाटल्या. फार वाईट वाटलं.

१६ डिसेंबर
अहवाल आला. एन्झाइमची क्रिया: शून्य. मीठ: अडीच टक्के. निष्कर्ष: उत्तम.

शून्य हाही निकाल असतो, असं मी रायनाला सांगितलं. ती हसली नाही, त्यामुळे जास्त लागलं.

१७ डिसेंबर
माझा विषय बंद. खोली दही विभागाला. मला वाचनालयात टेबल मिळेल, खिडकीपासून दूर. पत्राखाली हारिझानोवांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे: नाताळच्या आदल्या संध्याकाळसाठी काकूंकडून एक बरणी मिळू शकेल का? काकू म्हणाल्या, "दोन देऊ. बिचारा आईवेगळा माणूस." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उद्यापासून तू पालटायचं. सकाळी सातला. हात हलला की डोक्यातलं जातं."

नवा निश्चय. शिस्तीत करणार. मी एकोणीस वर्षं प्रयोगशाळेत काम केलेला माणूस आहे. तोटीतून काढून वरून ओतायचं, यात शिकण्यासारखं काय आहे?

१८ डिसेंबर, सकाळी ७.५०
पालटलं. काकूंनी बोट बुडवून चाखलं, "छान, छान," म्हणाल्या. मी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो, तेव्हा खाली पुन्हा तोटी सुरू झाली.