चिमीचा उजवा पाय

साखरशेत, ता. जव्हार
१४ एप्रिल २०२५

चि. सौ. प्रतिभा हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. तुझ्या आईचा खोकला गेला. पत्रास कारण की, शेजारचा गोकुळ परवा पालघरहून आला आणि बोलता बोलता सांगून गेला की तुझ्या चिमीला रोज इंजेक्शन देता, उंची वाढायचं. माझा घास हातातच राहिला. आजारी नसलेल्या पोरीला रोज सुई? आणि मला का नाही कळवलंस? लपवलंस, म्हणजे तुझ्याही मनात काही असणार.

मी चौथी शिकलेला, पण मला डोळे आहेत. बाजारात सुई टोचलेला दुधी येतो, मांडीएवढा, चव पाण्याची. ब्रॉयलर कोंबडी बघ, अंग एवढं वाढतं की पायांना पेलत नाही. आपल्या माघ्याने भाताला युरिया जास्त मारला. भात कमरेच्या वर गेलं, लोक बघायला आले, आणि दसऱ्याच्या वाऱ्यात सगळं लोळलं.

माझी आई बुटकी, मी बुटका. कुणाचं काय अडलं? तो डॉक्टर कोण, कुठल्या गावचा, स्वतःच्या पोरांना टोचतो का, हे विचारून कळव. तोवर बंद ठेव. फोनवर तू भरभर बोलतेस, मला अर्धंच ऐकू येतं. कागदावर लिही.

जावईबापूंना नमस्कार. म्हाताऱ्यावर रागावू नये.
रघु

पालघर
२१ एप्रिल

ती. बाबांस प्रतिभाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं. लपवलं खरं, कारण तुम्ही काय लिहाल ते मला पाठ होतं. दुधी येणार हे मी ह्यांना आधीच सांगून ठेवलं होतं! दुधीत टोचतात ते औषधच वेगळं, बाबा.

चिमी नुसती बुटकी असती तर डॉक्टरांनी घरी पाठवलं असतं. कितीतरी मुलांना ते तसंच पाठवतात. ती वाढतच नव्हती. दोन वर्षं तोच फ्रॉक. हाताचा एक्स-रे, पुन्हा पुन्हा रक्त, डोक्याचा फोटो, एवढं झाल्यावर कळलं की मेंदूखालच्या ग्रंथीतून वाढीचं हार्मोन जेवढं यायला हवं तेवढं येत नाही. हा युरिया नव्हे. शेताला येणारं पाणीच वर अडलंय, तेवढंच आपण सोडतो. तेही वजनावरून मोजून, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. आपल्या मनाने थेंबही वाढवायचा नाही.

सुटीत ती तुमच्याकडे येतेय. औषध भरलेली सुईची पेनं थंड राहायला हवीत, पण गोठली की वाया जातात. गौतम गुरुजींच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाजवळ नको. टोचून घ्यायला ती शिकली आहे, पण तिच्या आजीने शेजारी बसायचंच. एखाद्या दिवशी राहिलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचं नाही. डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, धूसर दिसलं किंवा ती लंगडली तर लगेच कळवा.

संशय थोडा कमी करा, माया आहे तेवढीच असू द्या.
तुमची प्रतिभा

साखरशेत
१२ मे

चि. सौ. प्रतिभा हिस आशीर्वाद.

चिमीला आणायला मी जव्हारच्या स्टँडवर गेलो होतो. आमच्या गाडीत कंडक्टरने तिला पाचाच्या आतली समजून तिकीट नको म्हटलं. ती भांडली, दहा वर्षांची आहे, तिकीट द्या. अख्खी गाडी हसली. ती नाही हसली.

तुझी पेनं गुरुजींच्या फ्रिजात सुकटीच्या डब्याशेजारी आहेत. वीज गेली की कुणी दार उघडू नये म्हणून मी तिथे जाऊन बसतो. गुरुजींची बायको आता मला बघूनच कपाळाला हात लावते.

पोरीला मी सारखा न्याहाळतो. खाते किती, झोपते किती, नखं केवढी वाढली. काहीतरी खोट सापडणारच, या मनाने. आणि सापडली. परवापासून ती पायरी चढताना उजवा पाय मागे ठेवते. विचारलं, तर शिरपामाळला पडले, गुडघा आपटला म्हणाली. पण शिरपामाळला मीच बरोबर होतो, ती पडली नव्हती. काल विहिरीकडे एकटी चालली होती, मी गोठ्याआडून पाहिलं. उजवं पाऊल बाहेर वळवून, अंग टाकत चालत होती. मला बघताच सरळ झाली. जवळ घेतलं तर रडली, आईला कळवू नको म्हणाली.

तुझी आई गुडघ्याला तेल चोळते. मला विचारशील तर ही त्या सुईचीच करणी. कोंबडीचे पाय आठव. पेनं ओढ्यात फेकू का? पत्र गोकुळच्या हाती देतोय, त्याच्याच हाती उत्तर दे.

तुझा बाबा

पालघर, १२ मे, घाईत

ती. बाबा,

डॉक्टरांना लगेच फोन केला. ते म्हणाले, दुखणं गुडघ्यात वाटलं तरी मूळ खुब्यात असू शकतं. तिला एक पाऊल चालू देऊ नका. तेल, चोळणं, हाडवैद्य, काही नको. आजची सुई थांबवायला सांगितली आहे, पण पेनं फेकू नका. गोकुळबरोबर जीप पाठवतेय. तिला उचलून बसवा.

बाबा, तुम्ही पाहिलंत ते बरं झालं.
प्रतिभा

ठाणे
२१ मे

प्रिय आजाला चिमीचा नमस्कार.

मी दवाखान्यात पलंगावर पडून लिहितेय. मांडीच्या हाडाचं डोकं खुब्यात जरा सरकलं होतं. आता आत एक स्क्रू आहे. डॉक्टर म्हणाले, अंग भराभर वाढायला लागलं की एखाद्याच मुलाला असं होतं, म्हणून तर लंगडण्याकडे लक्ष ठेवायला सांगतो. उशीर झाला असता तर पाय कायमचा अधू झाला असता.

आजा, मी तुझ्यावर रागावले आहे. दुखत होतं ते मी तुझ्यामुळेच लपवलं. तुला कळलं असतं तर तू सुई बंद केली असतीस. आणि तूच लपून बघितलंस.

पाय बरा झाला की सुई परत सुरू करता येईल, असं डॉक्टर म्हणतात. आई म्हणते, आजाला विचारल्याशिवाय तिला हो म्हणवत नाही. तू हो म्हण ना. मला तिकीट पाहिजे.

तुझीच,
चिमी

साखरशेत
२९ मे

चि. चिमीस आज्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तो स्क्रू गंजतो का, तेवढं डॉक्टरांना विचार. लाजू नको.

माझ्या भीतीने तू दुखरा पाय सरळ टाकत चाललीस, हे वाचल्यापासून मला घास उतरत नाही. सुईवर माझा विश्वास नाही. अजून नाही. पण तुझ्या आईने ते अडलेल्या पाण्याचं लिहिलं होतं, ते माझ्या डोक्यातून जात नाही. पाणी वर अडून सुकलेलं शेत मी पाहिलंय. त्याला लोळायचीही भीती नसते, कारण त्यात काही उभंच राहत नाही.

आईला सांग, डॉक्टर म्हणतील तेव्हा सुरू करा. माझी एक अट. कुठे दुखलं की आधी मला सांगायचं, मी ओरडलो तरी. मी सुई बंद करणार नाही, गाडी बोलवीन. बाकीच्यांनी विश्वास ठेवावा, मी नजर ठेवतो.

गुरुजींच्या फ्रिजातली जागा मी अडवून ठेवली आहे. सुकटीचा डबा वर गेला.

दिवाळीत ये. मी स्टँडवर उभा असेन, गाडीतून उतरून तू चालत येशील ते बघायला. आणि कंडक्टर नको म्हणाला तरी तिकीट काढ.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेला,
आजा